मेकॅनिकलच्या कॅम्पस मुलाखतीची तयारी

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांसाठी होणाऱ्या तांत्रिक मुलाखतीत बराचसा वेळ अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टवरच जातो. म्हणून अहवालातला प्रत्येक आकडा कोठून आला, हे कागदावर मांडून दाखवता आले पाहिजे. शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) व्यास 25 मिमी घेतला असेल, तर 20 का नाही, असे विचारले जाऊ शकते. अशा वेळी शिअर स्ट्रेस (पिळामुळे येणारा कातर ताण) व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने 20 मिमीला तेवढ्याच टॉर्कला (पिळाला) तो जवळपास दुप्पट होतो, हे उत्तर ‘सरांनी सांगितले’ यापेक्षा केव्हाही वजनदार ठरते. माइल्ड स्टीलचा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह (ताण आणि त्यामुळे लांबीत होणारा बदल दाखवणारा आलेख) न अडखळता काढण्याचा सराव करावा. उत्तर येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून कोणत्या सूत्रापासून सुरुवात कराल ते बोलावे; थापा लगेच पकडल्या जातात. पगाराची चर्चा एचआर फेरीसाठी राखून ठेवावी, मात्र बाँडच्या (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराच्या) अटी सही करण्यापूर्वी विचाराव्यातच.