त्याच दिवशी विमान बदलताय? मुंबई विमानतळावर या चुका टाळा

काम लवकर आटोपलं, घरून तातडीचा फोन आला किंवा गाडी घोडबंदर रोडला अडकली. कारण काहीही असो, आजचं विमान आजच बदलायची वेळ कधी ना कधी येते. मोबाइलवर बदल करायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे कापले गेले की काम झालं असं वाटतं. खरा घोळ त्यानंतर होतो, आणि मुंबईत तो जास्त होतो, कारण इथे ‘विमानतळ’ ही एक जागा नाही. टर्मिनल १, म्हणजे टी-१, सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून आहे. टी-२ सहारला. दोघांच्या धावपट्ट्या त्याच, पण एका इमारतीतून दुसरीत जायचं तर रस्त्याने चार-पाच किलोमीटर पडतात. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा वेगळा विमानतळ सुरू झाला. त्यामुळे बदल करताना फक्त वेळ आणि भाडं बघून चालत नाही. विमान कुठून सुटतं, बॅग कुठे आहे आणि बदल कोणाच्या नावावर नोंदला जातोय, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

कंपनी तीच, म्हणून टर्मिनलही तेच?

सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. टी-१ वरून फक्त देशांतर्गत विमानं जातात, टी-२ वरून देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही. इंडिगोची विमानं दोन्हीकडून सुटतात. सकाळचं नागपूर टी-२ वरून आणि संध्याकाळचं नागपूर टी-१ वरून, असं एकाच कंपनीत सहज होऊ शकतं.

टी-२ च्या चौथ्या मजल्यावर, प्रस्थानाच्या गेटाशी पाहिलेला एक प्रसंग सांगते. साठीच्या पुढचे काका-काकू, दोन मोठ्या बॅगा आणि एक आंब्याची पेटी. मुलाने घरबसल्या दुपारचं विमान रात्रीचं करून दिलं होतं. काका फोन पुढे करतात, विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीआयएसएफचा जवान तिकीट बघतो आणि शांतपणे सांगतो, “अंकल, ये टी-वन का है.” काका म्हणतात, “अहो, कंपनी तीच आहे, सकाळी इथूनच होतं.” तरी जवान आत सोडू शकत नाही. ज्या टर्मिनलचं तिकीट, त्याच टर्मिनलचं दार, आणि त्यात त्याची काही चूकही नाही. काकू पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, काका मुलाला फोन लावत होते आणि खाली टॅक्सीची रांग वाढत होती.

अशा वेळी बदल करून देणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. नवं तिकीट आलं की त्यावर विमानाच्या क्रमांकाखाली टर्मिनल छापलेलं असतं. ते वाचून आई-वडिलांना फोनवर तोंडी सांगा, नुसता स्क्रीनशॉट पाठवून थांबू नका. मागच्या प्रवासाच्या आठवणीवरही जाऊ नका. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रकं बदलतात आणि त्यासोबत टर्मिनलंही हलतात. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, अशी भागीदारी असेल तर प्रत्यक्ष उडवणारी कंपनी कोण ते बघा, कारण टर्मिनल तिच्यावर ठरतं.

‘मुंबई’ लिहिलंय, पण कोणती मुंबई?

तिकिटांच्या अ‍ॅपवर ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत दिसू शकतात. घाईत स्वस्त दिसेल त्यावर बोट पडतं. सहार-सांताक्रूझचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. पनवेल, खारघर, उरणच्या माणसाला नवी मुंबई सोयीचीच आहे. पण अंधेरीत उभं राहून तीन तासांनंतरचं एनएमआयचं विमान घेतलं, तर पस्तीस-चाळीस किलोमीटरचा प्रवास संध्याकाळच्या गर्दीत करावा लागेल.

गोव्याला जाणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाचाही विचार करावा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं सुरू झाली आणि तेव्हापासून ‘गोवा’ एवढं म्हणून भागत नाही. मोपा पेडण्याला, राज्याच्या उत्तर टोकाला आहे. मडगावला लग्न असेल आणि बदललेलं विमान मोपाला उतरणार असेल, तर घ्यायला येणारा भाऊ दाबोळीला उभा राहील. सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना मात्र हाच बदल फायद्याचा. विमान बदललं की घ्यायला येणाऱ्याला पहिला फोन करा.

कंपनीने घोळ घातला आणि रद्द तुम्ही केलं

ही चूक पैशाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विमान चार तास उशिरा, मग सहा तास, मग ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’. माणूस वैतागतो, अ‍ॅप उघडतो आणि ‘कॅन्सल’ दाबतो. त्या क्षणी नोंद अशी होते की प्रवाशाने स्वतःहून प्रवास सोडला. मग रद्द करण्याचे पैसे कापले जातात. तोच निर्णय कंपनीच्या संदेशातल्या पर्यायातून किंवा काउंटरवरून घेतला असता तर चित्र वेगळं असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याचे नियम यावर स्पष्ट आहेत. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा यांतला पर्याय द्यायचा असतो. विमानच रद्द झालं तरी दुसरं विमान किंवा परतावा मिळतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला, म्हणजे मुंबईहून देशात बहुतेक ठिकाणी, दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यावं लागतं. त्यासाठी तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं हवं.

नुकसानभरपाई हा वेगळा विषय आहे. आधी कळवलं नाही आणि विमान रद्द केलं, तर उड्डाणाच्या लांबीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कारणांना ती लागू नाही. पण दुसरं विमान किंवा परतावा मात्र तेव्हाही तुमचाच असतो, आणि इथे अनेकजण हवामानाचं नाव ऐकून गप्प बसतात. गप्प बसू नका.

आणखी एक बारीक अट फार कमी लोकांना माहीत असते. बुकिंग करताना संपर्काचा नीट तपशील दिला नसेल तर भरपाई नाकारता येते. एजंट स्वतःचा नंबर टाकून तिकीट काढतो, कंपनीचा संदेश त्याच्या फोनवर जातो आणि तो झोपलेला असतो. तिकीट हातात आलं की त्यावर स्वतःचा नंबर आहे ना, हे तपासा आणि नसेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.

उलट बाजूही बघू. कंपनीचं विमान वेळेवर आहे आणि बदल तुम्हालाच हवाय. मग आधी नवी सीट हातात घ्या, जुनी नंतर सोडा. जुनं रद्द करून नवं शोधायला गेलात आणि तेवढ्यात जागा संपल्या, तर मागे फिरता येत नाही. मुंबईत जागा संपतातही पटकन. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं चालवता येत नाहीत. दिवसाचे स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, भरलेले असतात आणि आयत्या वेळी जादा विमान घालायला वाव नसतो.

बदलाचं शुल्क अधिक भाड्यातला फरक ही बेरीज कधी कधी दुसऱ्या कंपनीच्या नव्या तिकिटापेक्षा जास्त भरते. नवं तिकीट काढणार असाल तर जुनं तसंच वाया घालवू नका. प्रवास केला नाही तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात, अगदी ‘परतावा नाही’ असं लिहिलेल्या तिकिटावरही. ती मागावी लागतात, एवढंच.

बॅग आत गेल्यावर सुचलेला बदल

चेक-इन झालं, बॅग पट्ट्यावरून गेली, सुरक्षा तपासणी आटोपली, आणि आता लवकरच्या किंवा उशिराच्या विमानाने जायचंय. इथे अ‍ॅपवरची कोणतीही करामत चालत नाही. तुम्हाला ‘ऑफलोड’ व्हावं लागतं. कंपनीचा माणूस येतो, बोर्डिंग पास रद्द होतो, तुमची बॅग विमानातून किंवा गाडीवरून शोधून काढतात, आणि तुम्हाला सोबत घेऊन सीआयएसएफकडे नोंद करून बाहेर आणतात. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही विमानात जात नाही, हा सुरक्षेचा नियम आहे. या सगळ्याला बराच वेळ लागतो. पाऊण तासानंतरचं विमान पकडू म्हणून ऑफलोड मागणं शहाणपणाचं नाही.

बदल होण्याची थोडीही शक्यता असेल तर बॅग आत देऊ नका. गेटाबाहेर कंपनीचे तिकीट काउंटर असतात, आधी तिथे बोला. बॅग गेलीच असेल तर पावतीचा टॅग जपा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा माणसं एकीकडे आणि बॅगा दुसरीकडे अशी स्थिती झाली होती. बॅगा ४८ तासांत पोचवा, असा आदेश सरकारला द्यावा लागला. अशा ढिगातून बॅग ओळखायला टॅगचा क्रमांकच कामाला येतो. औषधं, चार्जर, घराच्या किल्ल्या हातातल्या पिशवीतच ठेवा.

परदेशातून येणाऱ्यांनी आणखी जपावं. दुबईहून टी-२ ला उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल, तर साधारणपणे बॅग मुंबईत घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावी लागते. पुढचं विमान टी-१ चं निघालं, तर बॅगेसकट शहराच्या रस्त्यावर येऊन पुन्हा नव्याने सुरुवात. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर, म्हणजे बुकिंग क्रमांकावर, असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

जुना बोर्डिंग पास अजून फोनमध्ये आहे

वेब चेक-इन झालेलं असेल तर बऱ्याच वेळा अ‍ॅप बदल करूच देत नाही. आधी चेक-इन मागे घ्यावं लागतं. ते अ‍ॅपवर सापडत नसेल तर कंपनीला फोन करा. बदल झाल्यावर नव्याने चेक-इन करून नवा पास घ्या आणि चेहरा ओळखून आत सोडणारं डिजियात्रा अ‍ॅप वापरत असाल तर तो तिथे पुन्हा अपलोड करून शेअर करा. जुना पास राहिला की चेहरा ओळखणारं यंत्र दार उघडत नाही आणि मागची रांग कुरकुरते. खिशात मूळ आधार किंवा दुसरं ओळखपत्र असलं की साध्या रांगेतून जाता येतं.

टी-२ वरून टी-१ ला निघताना

चूक झालीच तर सर्वांत भरवशाचा मार्ग दिवसा मेट्रो आहे. अ‍ॅक्वा लाइन, म्हणजे मेट्रो-३, दोन्ही टर्मिनलांना जोडते आणि मध्ये फक्त सहार रोड हे एक स्टेशन आहे. भुयारी असल्याने वर काय कोंडी आहे याचा संबंध नाही. स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत मात्र सामान ओढत चालावं लागतं, आणि मध्यरात्री-पहाटे मेट्रो नसते. टॅक्सी पहाटे पटकन पोचवते, पण संध्याकाळी पावसात तीच चार-पाच किलोमीटर पाऊण तास खाऊ शकते. हिशेब विमानाच्या वेळेवरून मांडू नका. बहुतेक कंपन्यांचा देशांतर्गत काउंटर तासभर आधी बंद होतो आणि बोर्डिंग गेट साधारण पंचवीस मिनिटं आधी. बॅग द्यायची असेल तर तुमची खरी वेळ तो काउंटर बंद होण्याची.

दिल्लीतही सावध राहा. टी-२ आणि टी-३ शेजारी आहेत, पायी जाता येतं. टी-१ वेगळीकडेच, आणि तिथे चुकलात तर गाडीशिवाय इलाज नाही.

सोबतच्यांचं काय?

चौघांचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल आणि बदल एकाचाच करायचा असेल, तर आधी पीएनआर वेगळा करून घ्या. नाहीतर चौघांचं विमान बदलेल आणि फरक चौपट भरावा लागेल. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र असेल आणि जाण्याचं विमान न कळवता सोडलंत, तर पुष्कळ कंपन्या परतीचंही रद्द करतात. निवडलेली सीट, जेवण, जादा वजन आणि विशेष म्हणजे व्हीलचेअर नव्या विमानावर आपोआप येतील असं धरू नका. आजीसाठी व्हीलचेअर सांगितली होती तर बदलानंतर ती पुन्हा सांगा आणि नव्या तिकिटावर तिची नोंद दिसते का ते पाहा.

काउंटरवर काम झालं नाही तर बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि उत्तर आलं नाही तर नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तीच तक्रार पीएनआरसकट टाका.