याब्लोन्स्कायांच्या ‘ख्लेब’वरून शिकताना: अनेक माणसांचं तैलचित्र कसं उभारावं

सोव्हिएत काळातल्या युक्रेनी चित्रकार तात्याना याब्लोन्स्काया यांनी १९४९ साली रंगवलेलं ‘ख्लेब’ (म्हणजे पाव, धान्य) आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. आकार २०१ बाय ३७० सेंटिमीटर. उन्हातलं खळं, पुढ्यात धान्याची रास, पोती भरणाऱ्या बायका आणि मधोमध बाही वर सारणारी एक जण. समाजवादी वास्तववादाच्या, म्हणजे कष्टकऱ्यांचं जीवन उजळून दाखवणाऱ्या सोव्हिएत सरकारमान्य शैलीच्या, नावाखाली रंगवलेल्या कितीतरी चित्रांत माणसं नुसती उभी केलेली दिसतात. इथली माणसं कामात आहेत. हे कसं साधलं ते समजून घ्यायचं, तर तसं चित्र घरच्या मापात करून पाहणं हा सर्वांत चांगला मार्ग.

याब्लोन्स्काया कीव्हच्या कला संस्थेत फ्योदोर क्रिचेव्स्कींकडे शिकल्या आणि पुढे तिथेच शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांना घेऊन त्या पश्चिम युक्रेनमधल्या लेतावा गावच्या सामूहिक शेतावर गेल्या आणि तिथे शेकडो अभ्यासचित्रं केली. ‘ख्लेब’चा खरा पाया तो. म्हणून सुरुवात कॅनव्हासपासून करू नका.

आधी एक जागा आणि एकच काम निवडा: मळणी, वीटभट्टी, मासळी उतरवणं, काहीही. तिथे तीन प्रकारचा अभ्यास लागतो. पहिला, पेन्सिलीनं एक-दोन मिनिटांची हालचालीची स्केचेस. माणूस वाकतो तेव्हा वजन कोणत्या पायावर आहे आणि पाठीची रेषा कुठे मोडते, एवढंच टिपायचं, चेहरा नको. दुसरा, १५ बाय २० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर किंवा बोर्डावर तैलरंगात रंगाचा अभ्यास. याला ३० ते ४० मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका, तोवर ऊन सरकतं आणि सावल्या खोट्या पडू लागतात. प्रत्येक बोर्डामागे वेळ आणि उन्हाची दिशा लिहून ठेवा. तिसरा, डोकी आणि हात, निवांत बसून.

रंगाच्या अभ्यासात एक गोष्ट मुद्दाम पाहा. धान्याच्या राशीवर वाकलेल्या बाईच्या हनुवटीखाली काळोख नसतो. राशीवरून परतलेला पिवळसर उजेड तिथे असतो. पांढऱ्या रुमालाची सावलीतली बाजू आभाळाकडे असेल तर निळसर दिसते, जमिनीकडे असेल तर उबदार. फोटोत हा फरक बहुतेक वेळा दबून जातो. फोटो कपड्याच्या चुणीपुरता वापरावा, रंगासाठी वापरू नये.

आता रचना. मूळ चित्राचं प्रमाण साधारण १ ला १.८४ आहे. घरी ६५ बाय १२० सेंटिमीटरचा कॅनव्हास घेतला की तेच प्रमाण मिळतं. आधी ६.५ बाय १२ सेंटिमीटरची छोटी चित्रं चारकोलनं करा, फक्त तीन छटांत: उजळ, मधली, गडद. दहा-बारा तरी होऊ द्या. इथे सर्वाधिक चूक होते ती माणसं सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीवर मांडण्याची. दोन-तीन माणसं एकमेकांवर येऊ द्या, त्यांचा एकच आकार वाचला जाऊ द्या. मुख्य व्यक्तीभोवती तेवढी मोकळी जागा ठेवा. ‘ख्लेब’मध्ये पुढची रासच केवढी जागा घेते ते पाहा. ती रिकामी जागा नाही, नजर तिच्यावरूनच माणसांपर्यंत चढते.

पसंत पडलेल्या रचनेचं १३ बाय २४ सेंटिमीटरचं रंगीत कच्चं चित्र करा. त्यावर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा. पाचपट मोठ्या कागदावर ते १० सेंटिमीटरचे होतील: आडवे १२, उभे साडेसहा. या कागदावर चारकोलनं पूर्ण रेखाटन पक्कं करा आणि पावलं नीट जमिनीवर टेकवा. पावलं गवतात किंवा धान्यात लपवली की माणसं तरंगतात.

१२० सेंटिमीटरच्या चौकटीला मधे आडवी पट्टी हवीच, नाहीतर ताणानं ती आत वाकते. कॅनव्हास चारही बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे ताणत न्या, दर ५ सेंटिमीटरला पिन. जेसोचे (कॅनव्हासवर रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या. प्रत्येक हात वाळला की २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा. शेवटच्या हातानंतर तीन दिवस थांबा. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला, तर कोपऱ्यातल्या खुंट्या हलक्या ठोकून ताण द्या.

कागदाच्या मागे बर्न्ट सिएना या तांबूस-तपकिरी रंगाची पूड चोळून रेखाटन कॅनव्हासवर उतरवा. चारकोल थेट कॅनव्हासवर वापरलात तर कपड्यानं झटका, नाहीतर फिकट रंग मळतात. रेषा पातळ रॉ अंबरनं (तपकिरी रंगानं) पक्क्या करा आणि त्याच रंगात, फक्त टर्पेंटाईन घालून, मोठ्या सावल्या भरा. दुसऱ्या थरात एक भाग जवसाचं तेल, दोन भाग टर्पेंटाईन. शेवटच्या थरात दोन्ही सारखं. हा क्रम उलटला तर खालचा तेलकट थर हलत राहतो, वरचा आधी कडक होतो आणि भेगा पडतात. मधेच रंग ‘बसून’ मंद दिसू लागला, तर कोरड्या भागावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळून पुसून घ्या. खरा रंग परत दिसेल.

रास नुसती पिवळी रंगवू नका. उन्हात यलो ऑकर, पांढरा आणि किंचित कॅडमियम यलो. सावलीत ऑकर, रॉ अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन. दाणा-दाणा काढत बसू नका. पुढच्या भागात पेंटिंग नाइफनं (रंग लावायच्या बोथट पात्यानं) जाड रंग ठेवा, मागे पातळ होऊ द्या. आठ-दहा पांढरे रुमाल असतील तर सर्वांत उजळ पांढरा एकाच रुमालावर, तोही मुख्य व्यक्तीच्या.

चेहऱ्यांवर सर्वांत जास्त वेळ जातो. मॉडेलला हसायला सांगितलं की दोन मिनिटांत हसू गोठतं, आणि सरकारी प्रदर्शनांतल्या अनेक चित्रांत नेमकं हेच झालं आहे. त्याऐवजी तिला खरंच बाही सारायला सांगा, पोतं उचलायला सांगा. भाव कृतीतून येईल. सगळ्या माणसांवरचा प्रकाश एकाच बाजूनं आहे ना, ते बोर्डामागची नोंद पाहून तपासा.

हे चित्र शिकताना त्याचा काळ डोळ्याआड करू नये. याब्लोन्स्कायांच्या १९४७ च्या ‘पेरेद स्तार्तोम’ (‘शर्यतीच्या सुरुवातीआधी’) या चित्रावर इम्प्रेशनिझमचा, म्हणजे स्पष्ट आकारांऐवजी उजेड आणि क्षणिक छाप रंगवणाऱ्या शैलीचा, ठपका आला होता, ‘ख्लेब’मधले घट्ट, स्पष्ट आकार त्या दडपणानंतरचे आहेत. याच युक्रेननं १९४६-४७ मध्ये दुष्काळ भोगला, माणसं भुकेनं गेली. ती भूक अधिकृत प्रदर्शनाच्या भिंतीवर आली नाही. ‘ख्लेब’ला मात्र स्टालिन पारितोषिक मिळालं. पुढे १९६०च्या दशकात त्या लोककलेच्या सपाट, सजावटी रंगांकडे वळल्या. उतारवयात पक्षाघातानं उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हातानं रंगवत राहिल्या. त्यांच्या रेखाटनाची ताकद ओळखायची, तर हे सगळं शेजारी ठेवून पाहावं.

चित्र पूर्ण झालं की धूळ लागणार नाही, पण हवा खेळेल अशा जागी ठेवा. अंधारात ठेवू नका, जवसाचं तेल पिवळं पडतं. शेवटचं वॉर्निश सहा महिन्यांआधी नको. जाड रंग असेल तर वर्षभर थांबा.