हँडलवरचे हात बधिर होतात तेव्हा

रत्नागिरीहून गणपतीपुळे, जयगड करत फेरीबोटीने तवसाळला उतरायचे आणि हेदवी, वेळणेश्वरावरून गुहागर गाठायचे, हा मोटारसायकलवरचा सुरेख प्रवास आहे. पण जयगडच्या धक्क्यावर गाडी उभी करताना बोटांना मुंग्या आलेल्या असतील, तर खाडीकडे पाहण्याऐवजी हात झटकण्यातच वेळ जातो. असा त्रास सुरू झाला की बहुतेक जण प्रथम जाड हातमोजे नाहीतर मऊ ग्रिप आणतात. माझ्या मते ही खरेदी सर्वांत शेवटी करावी, कारण थरथर कुठून येते हे कळण्याआधी केलेला खर्च बहुधा वाया जातो.

गाडी उघड्या जागी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस हळूहळू वाढवावी. हँडल इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच झिणझिणत असेल, तर दोष इंजिनाच्या बाजूचा असतो. उभ्या गाडीत काही जाणवत नाही, पण गिअर कोणताही असो, ठरावीक वेगाला थरथर येते, असे असेल तर चाके, टायर आणि चेन तपासावी. सरळ, मोकळ्या पट्ट्यावर त्याच वेगाला क्षणभर क्लच दाबून पाहावा. थरथर तशीच राहिली तर चाक किंवा टायर, आणि ओढ सुटताच ती कमी झाली तर चेन, असा अंदाज बांधता येतो.

एकसिलिंडर इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेते तेव्हा पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो आणि तेवढेच हादरे सांगाड्यातून हँडलकडे येतात. हँडलचीही स्वतःची अशी कंपनगती असते. दोन्ही जुळल्या की थरथर एकदम वाढते. हँडलच्या टोकांना बसवलेली वजने हा मेळ चुकवतात. काही न बसवताही गिअर बदलून त्या फेऱ्यांच्या खाली किंवा वर राहता येते, मात्र त्यासाठी वरच्या गिअरमध्ये चढावर इंजिन घुसमटवू नये.

किनाऱ्यावर गाडी वापरणाऱ्यांनी खाऱ्या हवेचा हिशेब वेगळा धरावा. इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्ट गंजले की पान्याला घट्ट लागतात, पण पान्याचा बराचसा जोर गंजाच्या घर्षणातच संपलेला असतो आणि इंजिन मात्र पुरेसे आवळले गेलेले नसते. असे बोल्ट काढून साफ करावेत किंवा बदलावेत आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळण्याच्या जोरानेच, आवळावेत. चेनच्या कड्याही अशाच जाम होतात. इंजिन बंद ठेवून, गाडी मेन स्टँडवर घेऊन, मागचे चाक हाताने फिरवले की कुठली कडी वाकडीच राहते ते दिसते. फेरीबोटीतून किंवा पुळणीवरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी, चेन वाळल्यावर तिला वंगण द्यावे आणि तिचा सैलपणा पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी.

एवढे करूनही बोटे बधिर होत असतील, तर आपल्या बसण्याकडे पाहावे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळव्याच्या बाहेरच्या कडेवर भार पडतो आहे. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा बधिर होत असतील, तर मनगट वाकलेले राहते आहे. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन असा ठेवावा की बोटे त्यांवर ठेवली असता कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत येईल. खरी परीक्षा उताराची असते. सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, खाडीकडे उतरताना अंगाचा सगळा भार नकळत तळव्यांवर येतो. तो गुडघ्यांनी टाकी धरून, पाय फूटरेस्टवर रोवून पेलावा आणि कोपरे सैल ठेवावीत. पावसाळ्यात ग्रिप निसरडी झाली की मूठ आपोआप आवळली जाते, आणि जितकी मूठ घट्ट तितकी थरथर हातात जास्त उतरते. म्हणूनच फोमच्या ग्रिप मला कोकणात निरुपयोगी वाटतात, कारण चार महिने त्या पाणी पिऊनच असतात. त्यापेक्षा खाचांची रबरी ग्रिप बरी.

बोटांना मुंग्या आल्या की गाडी थांबवावी, कारण बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज राहत नाही. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकला, रात्री त्यानेच जाग आली, पकड कमजोर झाली किंवा बोटे पांढरी पडू लागली, तर गॅरेजऐवजी डॉक्टरांकडे जावे. बागेत गवत काढण्याचे यंत्र चालवत असाल, तर तेही त्यांना आवर्जून सांगावे. त्याचीही थरथर त्याच नसांवर पडते आणि बोलताना नेमके तेच सांगायचे राहून जाते.