घरबसल्या स्काउटिंग करताय? मग या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत माझी पुतणी आमच्याकडे गोव्यात फोंड्याला राहायला आली. सातवीत आहे, गाईडमध्ये आहे, आणि सोबत एक कागद घेऊन आलेली, सुट्टीत घरीच करायच्या गोष्टींचा: दिशा शोधणे, गाठी, बंधनं, प्रथमोपचार, पावसाची नोंद, रोज एक सत्कृत्य. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी ही अंगणात उभी, हातात आजोबांचं काट्यांचं घड्याळ, आणि मला हाक मारून सांगते, "काका, आपली तुळस पश्चिमेला आहे." आता आमचं घर पूर्वाभिमुख, तुळस दारासमोर, सकाळचं पहिलं ऊन तिच्यावरच पडतं, आई गेली चाळीस वर्षं तिथं उभी राहून सूर्याला अर्घ्य देते. म्हटलं बाय, एकतर सूर्य चुकला नाहीतर तुझं पुस्तक.

पुस्तक चुकलं होतं, म्हणजे पूर्ण खोटं नव्हतं, फक्त गोव्यासाठी लिहिलेलं नव्हतं. मी पण शाळेत स्काउट होतो, आता वाड्यावरच्या पोरांना सुट्टीत थोडंफार शिकवतो, आणि घरी स्काउटिंग करणाऱ्यांच्या अर्ध्याअधिक चुका मला इथूनच आलेल्या दिसतात. व्हिडिओ कुठला तरी थंड देशातला, दोरी कपडे वाळवायची, आणि आपल्या परसात काय चाललंय तिकडे लक्षच नाही.

दिशा: इंग्लंडचं आकाश गोव्यात वापरू नका

स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी पहिला कॅम्प घेतला तो १९०७ साली इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर. तिथं सूर्य दुपारी कायम दक्षिणेलाच असतो, म्हणून "तासकाटा सूर्याकडे धरा, तासकाटा आणि १२ यांच्या मधोमध दक्षिण" ही युक्ती तिथं बरी चालते. गोवा साधारण १५.५ अक्षांशावर. मे च्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावरून जातो आणि तिथून ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे त्या दिवसांत भर दुपारी घड्याळाने दक्षिण काढली की ती उत्तर निघते आणि तुळस जाते पश्चिमेला. बाकी महिन्यांत पण आपला सूर्य इतका उंच असतो की या युक्तीवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

सावलीच्या काठीत पण हीच गडबड. "दुपारची सावली उत्तर दाखवते" असं पाठ केलेलं असतं, आणि मे अखेरीस मीटरभर काठीला दुपारी जेमतेम १० सेंटीमीटर सावली पडते आणि ती पण दक्षिणेकडे. वर पोरं १२ वाजताच मोजतात. आपलं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशाच्या हिशोबाने आणि आपण आहोत ७४ च्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे खरी दुपार होते सव्वाबारा ते पावणेएकच्या मध्ये कधीतरी, महिन्याप्रमाणे पुढेमागे.

मग करायचं काय तर काठी सरळ रोवायची (सरळ म्हणजे सरळ, ओळंबा नसेल तर सुतळीला दगड बांधून बघा), सकाळी साडेदहाला सावलीच्या टोकावर खूण करायची, काठीच्या बुंध्यापासून त्या खुणेपर्यंत सुतळी ताणून तेवढंच वर्तुळ काढायचं, मग सावली आखडते, परत लांब होते, दुपारी अडीचच्या आसपास तिचं टोक परत वर्तुळाला टेकतं, तिथं दुसरी खूण. पहिली खूण पश्चिम, दुसरी पूर्व, दोन्ही जोडल्या की झालं. बाराही महिने चालतं, फक्त ऊन पाहिजे आणि मधे कोणी काठी हलवता कामा नये. आमच्याकडे कोंबडीने हलवली.

रात्री ध्रुवतारा शोधताना तर गंमतच. पोरं मान वर करून डोक्यावर शोधतात आणि सगळ्यात ठळक जो दिसेल त्याला ध्रुव म्हणतात. ध्रुवतारा तसा ठळक नाहीच, चमकण्यात त्याच्यापुढे चाळीसेक तारे आहेत. आणि तो क्षितिजापासून तेवढाच वर असतो जेवढा तुमचा अक्षांश, ब्राउनसीला जवळजवळ ५१ अंश, आपल्याकडे फक्त १५. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की एक मूठ साधारण १० अंश, म्हणजे दीड मूठ. दीड मूठ उंचीवर आमच्या परसात काय आहे तर शेजाऱ्यांचे माड. तीन रात्री शोधला, शेवटी गच्चीवर गेल्यावर दिसला. तर आधी उत्तरेची बाजू मोकळी आहे का बघा. मे मध्ये सप्तर्षी वर असतो, त्याच्या पुढच्या दोन ताऱ्यांची, क्रतू आणि पुलहची, रेघ पाचपट लांबवली की ध्रुव. पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे मावळलेला असतो, तेव्हा शर्मिष्ठा धरा, इंग्रजी M सारखी दिसते ती. आणि जून ते सप्टेंबर हा विषय सोडूनच द्या, मळभ कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

मोबाईलचं होकायंत्र वापरत असाल तर आधी कव्हर काढा. कित्येक कव्हरांच्या झाकणाला लोहचुंबक असतो. लोखंडी टेबलावर, ग्रिलला टेकून, स्कूटरच्या सीटवर ठेवून घेतलेली दिशा वहीत लिहू नका.

गाठ सुटते, बंधन हलतं

रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची साधी चपटी गाठ, सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. दहातली चार पोरं ग्रॅनी नॉट, म्हणजे तिच्यासारखीच दिसणारी पण घसरणारी गाठ, मारतात. ओळखायची कशी तर गाठ आवळल्यावर दोन्ही शेपट्या दोरीच्या अंगाने सरळ पडल्या तर रीफ, आडव्या बाहेर आल्या तर ग्रॅनी. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर, तोंडाने बोलत मारा, लाज वाटून घेऊ नका. आणि बरोबर मारलेली रीफ नॉट पण बँडेज बांधायला आहे, वजन लटकवायला दोन दोऱ्या जोडायला नाही, त्यातून एक जाड एक बारीक असेल तर शीट बेंड नावाची गाठच हवी. पुतणीने झोपाळा रीफ नॉटवर टांगला होता, नशीब आधी उशी बसवून बघितली.

दुसरी चूक दोरीची. नायलॉनच्या गुळगुळीत दोरीवर गाठ घसरते आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. शिकायला सुती दोरी घ्या, पेन्सिलीएवढी जाड, दीड-दोन मीटर, टोकं दोऱ्याने गुंडाळून घ्या म्हणजे पीळ सुटत नाही. चार्जरच्या वायरवर सराव करणाऱ्या माणसाला मी भेटलोय, तो आता दर दोन महिन्यांनी चार्जर घेतो.

आता बंधन. दोन काठ्या काटकोनात बांधल्या, पाच वेढे घेतले, सहा घेतले, दोरी संपली तरी सांधा लटपटतो, म्हणून पोरं आणखी दोरी आणतात. दोरी कमी पडलेली नसते हो, कसणी कमी पडलेली असते. उभ्या काठीवर क्लोव्ह हिच (काठीला दोरी अडकवायची गाठ), मग दोन्ही काठ्यांवरून तीन वेढे, आणि मग दोन काठ्यांच्या मधल्या फटीतून, वेढ्यांभोवती, दोन-तीन वेढे आडवे, जीव खाऊन ओढून. हे आडवे वेढेच सगळं धरून ठेवतात. बहुतेक जण ते वेढ्यांवरून काठीभोवती घेतात, मग ते नुसते शोभेचे.

हे मी तिला तीनदा सांगितलं, नाही कळलं. मग माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, बलकांवात (दारासमोरच्या ओट्यावर) बसल्या बसल्या विचारलं की माटोळी कशी बांधतात बघितलीस का कधी. चवथीला गणपतीवर लाकडी चौकट टांगतो आपण, तिला नारळ, सुपारीचे घोस, कांगलां, तोरिंगं अशी फळं, सगळं लटकतं आणि विसर्जनापर्यंत एक फळ खाली येत नाही. पूर्वी ते सगळं केवणीच्या सालीने बांधायचे, ती साल भिजवून मऊ करायची, नाहीतर वळताना तुटते. आजोबांनी केवण नव्हती म्हणून सुंभ घेतला, एक असोला नारळ घेतला, आणि देठ नसलेला नारळ लटकवून दाखवला, सोडणाचीच (नारळावरच्या सालीचीच) एक पट्टी सोलून, तिला पीळ देऊन. मला येत नाही ते अजून. तर मुद्दा असा की स्काउट मास्तर घरी नसला तरी घरात माटोळी बांधणारा, जाळं विणणारा, माडावर चढणारा कोणीतरी असतो, त्याला न विचारता व्हिडिओ बघत बसणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक.

पावसात सुती दोऱ्या आणि स्कार्फ कपाटात कोंबून ठेवले की पंधरा दिवसांत बुरशी. फ्रिजवर पसरून ठेवा.

पाऊस मोजताना

बाटलीचा पर्जन्यमापक प्रत्येक जण करतो आणि जवळपास प्रत्येकाचा चुकतो. बाटलीचं बूड खालीवर असतं, मधे कंबर असते, आणि बाहेरून पट्टी चिकटवून खालून मोजलं जातं, म्हणजे पहिले दोन-तीन सेंटीमीटर हवेतलेच. त्यापेक्षा पट्टी विसरा. जमलेलं पाणी औषधाच्या मापाने किंवा मापट्याने मिलिलिटरमध्ये मोजा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. आमच्या कापलेल्या २ लिटरच्या बाटलीचा व्यास १० सेंटीमीटर, क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, तर ७८.५ मिली पाणी म्हणजे १ सेंटीमीटर, म्हणजेच १० मिलिमीटर पाऊस. वर मोठं नरसाळं ठेवलं असेल तर भागायचं नरसाळ्याच्या तोंडाने, बाटलीच्या नाही, इथं एका पोराचा आकडा चौपट आला होता आणि तो अख्ख्या वाड्यात सांगत फिरला की ढगफुटी झाली.

जागा पण बघा. पत्र्याच्या पागोळ्याखाली नको, माडाखाली तर अजिबात नको, झावळ्यांवरून धार लागते. वेळ एकच ठेवा, हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आपणही साडेआठलाच मोजायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी बातमीतल्या आकड्याशी ताडून बघता येतं. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, जुलैत एका दिवसात शंभरच्या वर जाणं नवं नाही, त्यामुळे लहान बाटली लावली तर ती रात्रीच भरून वाहते आणि तुम्ही खूश, की आज बरोब्बर काठोकाठ पडला.

प्रथमोपचारात खेळ नको

भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काही नाही, नळाखाली साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. वीस म्हणजे वीस, पोरं दोन मिनिटांत कंटाळतात, घड्याळ लावून सराव करा. नाकातून रक्त आलं की डोकं मागे टाकायला लावतात, ते पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. साप चावल्यावर घट्ट आवळपट्टी बांधणं, चिरा मारणं, रक्त चोखणं हे जुन्या पुस्तकांत होतं, आता ते करायचं नाही, माणसाला चालू द्यायचं नाही, हातपाय हलणार नाही असं बघायचं आणि १०८ ला फोन. सराव करताना पण आवळपट्टी बांधू नका, हाताला सवय लागते आणि ऐनवेळी हात तेच करतो.

सराव-पट्टी बांधल्यावर बोटांची टोकं बघा, गार पडली किंवा निळसर झाली तर पट्टी जास्त घट्ट आहे.

बाकीचं पटापट

चूल पेटवायची तर घरातलं मोठं माणूस जवळ हवं आणि उघड्यावर. सोडणं, करवंट्या, चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) हे आपलं उत्तम जळण, पण जूनमध्ये बाहेर पडलेलं ओलं जळण पेटत नाही म्हणून रॉकेल-थिनर ओतणं म्हणजे भुवया घालवणं. आणि खोलीत चादरीचा तंबू करून आत मेणबत्ती किंवा कोळशाची शेगडी कधीच नाही, बंद खोलीत कोळशाच्या न दिसणाऱ्या विषारी वायूने झोपेतच माणूस जातो.

वाळू-कोळशाचा बाटली फिल्टर केला की विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतं. दिसतं फक्त. उकळल्याशिवाय पिऊ नका.

मोर्स, म्हणजे छोट्या-लांब आवाजांची किंवा उजेडाची संदेशाची लिपी, कागदावर बघून पाठ करू नका, कानाने शिका, डिट (छोटा) आणि दाह (लांब) म्हणत. दाह तीन डिटांएवढा लांब, दोन अक्षरांत तीन डिटांची गॅप, दोन शब्दांत सातांची. गॅप खाल्ली की दोन E चा I होतो आणि दोन T चा M. टॉर्चने करत असाल तर रस्त्याकडे तोंड करून नको, समोरून स्कूटरवाला येत असतो.

ऑक्टोबरात जगभरचे स्काउट रेडिओवर आणि इंटरनेटवर भेटतात, त्या जांबोरीत, म्हणजे स्काउटांच्या मेळाव्यात, घरबसल्या भाग घेता येतो, पण पूर्ण नाव, शाळा, फोन नंबर कोणालाही द्यायचा नाही, पोरांना आधीच बजावून ठेवा. आणि सत्कृत्याचा फोटो स्टेटसला टाकायचा म्हणून आजीला दोनदा रस्ता ओलांडायला लावू नका, आमच्याकडे हे झालंय, आजी अजून बोलते.

वहीत फक्त जमलेलं लिहिणं

वही बघितली की कळतं कोणी घरी खरंच केलंय. सगळी पानं सुबक, सगळं पहिल्याच झटक्यात जमलेलं, एकाच पेनाने एकाच रात्री लिहिलेलं, अशी वही मास्तर दोन मिनिटांत ओळखतो आणि मग तोंडी विचारायला लागतो. तारीख, वेळ, जागा, काय केलं, काय बिघडलं, एवढं त्याच दिवशी लिहा. पक्ष्यांची नोंद पण तशीच, नुसतं "दयाळ" नको, किती वाजता, कशावर बसलेला, काय करत होता. पुतणी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पण बाटली मोजत राहिली, तिच्या वहीतली एक ओळ अशी आहे: "सकाळी ८.३०, ३१४ मिली, म्हणजे ४० मिमी. रात्री मांजराने बाटली पाडली होती, पप्पांनी परत उभी केली, किती वाजता ते त्यांना आठवत नाही, हा आकडा धरू नये."