पोटॅशचा दगड आणि मी: भूशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

ऊसवाल्या घरात 'पोटॅश' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते सोसायटीतून आणलेलं खताचं पोतं. बी.एस्सी.ला असताना मी जेवताना सहज बोलून गेलो, की काही ज्वालामुखी खडकांत पोटॅश ठासून भरलेलं असतं. बाबा म्हणाले, "मग पोती कशाला इकत आणायची? आण की दोन ट्रॉल्या दगड."

उत्तर सुचलं नाही. ते शोधायला मला पुढची तीन वर्षं लागली, म्हणून इथे लिहितोय.

खतातलं पोटॅश म्हणजे आटून गेलेल्या जुन्या समुद्रांचं मीठ. पाणी लागलं की विरघळतं आणि मुळांना मिळतं. खडकातलं पोटॅशियम सिलिकेटच्या सांगाड्यात कोंडलेलं असतं, ते सुटायला फार काळ लागतो. गंमत म्हणजे पोटॅश दगडात असतं हेच लोकांना उशिरा कळलं. ते झाडपाल्याचं, चुलीतल्या राखेचं, असा समज होता. 1797 साली क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते ल्युसाइट नावाच्या पांढऱ्या खनिजात सापडलं.

कोल्हापुरात भूशास्त्र शिकणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. पन्हाळा घ्या नाहीतर जोतिबा, पायाखाली सगळा दख्खनचा बेसॉल्ट आणि वर कुठेकुठे जांभा. आपल्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम ऑक्साइड सहसा एक टक्कासुद्धा नसतं. प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइट ही त्यातली खनिजं आपण झोपेतही ओळखू, पण या काळ्या दगडात चमचमणारा अभ्रकाचा पापुद्रा कुणी पाहिलाय? त्यामुळे अभ्यासक्रमात लॅम्प्रोइट, म्हणजे पोटॅशियमने ठासून भरलेला ज्वालामुखी खडक, आला की पोरं त्यातल्या खनिजांची यादी पाठ करतात: ल्युसाइट, फ्लोगोपाइट, सॅनिडिन, रिक्टराइट, प्रायडेराइट, वाडेइट. मीही केली. पंचगंगेच्या घाटावर बसून घोकली.

आणि प्रॅक्टिकलला तोंडावर आपटलो. मायक्रोस्कोपखाली इटलीतल्या लाव्हाची स्लाइड होती. साध्या प्रकाशात गोलसर, आठ कोनांचे रंगहीन दाणे दिसत होते. वरचा पोलरॉइड (प्रकाश गाळणारी चकती) आत सरकवला तर सगळे काळे, रिकाम्या भोकासारखे. मी ठामपणे लिहिलं: "स्लाइडला भोकं पडली आहेत, घासताना दाणे निखळले." सरांनी वही वाचली, काही न बोलता अंधुक फरक उठून दाखवणारी जिप्समची पट्टी खाचेत सरकवली आणि उठून मला बसायला सांगितलं. त्या 'भोकांत' आता फिक्या पट्ट्या दिसत होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या, पंचाच्या विणीसारख्या. शिवाय दाण्याच्या आत बारीक कणांची कड्यांसारखी रांग होती. भोकात रांग कुठून येईल?

तो ल्युसाइट होता. तापलेल्या शिलारसात तो घनाकृती जातीचा स्फटिक म्हणून वाढतो. निवताना, साधारण 600 अंशांच्या आसपास, त्याची आतली मांडणी बदलते आणि बाहेरचा आकार मात्र जुनाच राहतो. त्या पट्ट्या म्हणजे या बदलाचे वळ. म्हणून नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच, की यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक दाण्यासमोर विचारा, हा किती खोलवर सुखात होता?

ल्युसाइट वरचा रहिवासी आहे. दाब वाढला की तो टिकत नाही. फ्लोगोपाइट, म्हणजे मॅग्नेशियमचा तपकिरी अभ्रक, दीडशे किलोमीटर खालीही तग धरतो. तोच फ्लोगोपाइट कमी दाबात वितळताना ऑलिव्हिन आणि ल्युसाइट मागे सोडतो. हे कळलं आणि पाठ केलेली यादी एका जिन्यावर लागली.

आता मूळ कोडं: एवढं पोटॅशियम येतं कुठून? प्रावरणातल्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातल्या, साध्या पेरिडोटाइट खडकात पोटॅशियम जवळपास नसतंच. तो कितीही कमी वितळवला तरी सात-आठ टक्के पोटॅशियम ऑक्साइडचा रस निघणं अवघड. म्हणजे खंडाच्या जाड मुळाशी कुणीतरी आधी ते पेरून ठेवलेलं असणार. वर आलेले द्रव आणि थोडेथोडे रस तिथल्या भेगांत मुरतात, फ्लोगोपाइटच्या शिरा तयार होतात आणि कोट्यवधी वर्षांनी त्या शिरा आधी वितळतात. काही ठिकाणी हे पेरणारं पाणी जुन्या बुडालेल्या सागरी कवचातून आलं असावं, असं मानतात. माझ्या मते अख्ख्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि परीक्षेत त्यावर दोन ओळी लिहून मुलं पुढे जातात.

पुस्तकावर भागणार नाही, फिरा. आम्ही चौघे कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसने निघालो. डब्यात बहुतेक सगळे तिरुपतीला निघालेले, आम्ही गुंतकलला उतरणारे. "बालाजी सोडून मधेच कुठं?" असं एका आजींनी विचारलं. वज्रकरूर सांगितल्यावर त्यांना काही बोध झाला नाही. आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातले तिथले हिरे वर आणणारे पाइप, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या दगड झालेल्या नळ्या, सुमारे 110 कोटी वर्षांपूर्वीचे. आपला दख्खन त्यापुढे पोरसवदा, साडेसहा कोटींचा. तिथे एका रिकाम्या शेतात आम्ही चुनखडीच्या खड्यांत गुडघे टेकून दोन तास माती चाळली. हाती आले ते मूठभर लालजांभळे गार्नेटचे कण आणि झिजलेल्या अभ्रकाचे पापुद्रे. हिरा अर्थातच नाही! पण ते गार्नेट आणि हिरा दोघेही या रसाचे नुसते प्रवासी. खोलवर आधीच तयार झालेले, वाटेत उचलले गेलेले. रस वेगाने वर आला म्हणूनच हिऱ्याचं ग्रॅफाइट झालं नाही. या खडकांना किंबरलाइट (हिरे वर आणणारा दुसरा ज्वालामुखी खडक) म्हणायचं की लॅम्प्रोइट, यावर जाणकारांत अजून जुंपलेली असते, आणि ते भांडण अभ्रकाच्या रासायनिक घडणीवर लढलं जातं. ऑस्ट्रेलियातली गुलाबी हिऱ्यांची आर्गाइल खाण मात्र लॅम्प्रोइटचीच. ती 2020 मध्ये बंद झाली.

स्लाइड एकदा तरी स्वतः घासा. काप 0.03 मिलिमीटरवर यायला हवा. कार्बोरंडमच्या खरखरीत भुकटीवर माझे पहिले दोन काप पार उडून गेले, बोटांची सालं निघाली ती वेगळीच. पण अभ्रक किती हट्टाने सुटतो हे त्या बोटांनीच शिकवलं.

नोकरीचं थोडक्यात. एम.एस्सी.नंतर यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे. मुख्य परीक्षेत 200 गुणांचे तीन पेपर आणि वर तितक्याच गुणांची मुलाखत. त्याआधी एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम, पुढे गेट. माझ्या मुलाखतीत ल्युसाइट जुन्या खडकांत क्वचित का दिसतो असं विचारलं होतं. मी म्हणालो, तो लवकर कुजतो, त्याच्या जागी दुसरी खनिजं बसतात आणि फक्त आकार उरतो. बोकारो-झरियाच्या कोळसापट्ट्यातले लॅम्प्रोइट पाहिलेत तर दुसऱ्या खनिजांनी भरलेले असे साचे भेटतील.

वज्रकरूरचा एक दगड बाबांसमोर ठेवला होता. त्यांनी उलटासुलटा केला, नखाने अभ्रकाचा पापुद्रा सोलला आणि म्हणाले, "ह्यो उसाला न्हाई चालायचा." आता तो दगड माळ्यावर, खताच्या रिकाम्या पोत्यांवर वजन म्हणून ठेवलाय.