कारचा कंपनी स्टिरिओ बिघडला? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या गाडीतला डाव्या दाराचा स्पीकर कधी वाजायचा, कधी नाही. इंदूरच्या एका दुकानात सांगितलं, "स्टिरिओच गेलाय, नवा बसवा." बाबा पैसे मोजायला निघालेच होते. मी म्हटलं, जरा थांबा. लोकमान्य नगरात घरासमोर गाडी लावून दार हळूहळू उघडलं, तर ठरावीक जागी आवाज यायचा आणि पुढे सरकलं की गुल! दार आणि खांब यांच्यामधला रबरी नळा मागे सारला. आत तांबं तुटलेलं, तार नुसत्या प्लास्टिकवर लोंबकळत होती. रोजच्या उघडझाकीने तार तिथेच मोडते. म्हणून आधी बॅलन्स-फेडर (आवाज डावी-उजवीकडे, पुढे-मागे वळवणारी सेटिंग) तपासा, मग हा नळा. जोड सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती टेप लावू नका, आपल्याकडच्या उन्हात तिचा डिंक सुटतो.

स्पीकरवर शंका असेल तर कपलर (तारांचा प्लग) काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावा. चार ओहमचा धड स्पीकर साधारण 3 ते 4 ओहम दाखवतो. काटा हललाच नाही किंवा 'ओएल' (म्हणजे जोड तुटलेला) आलं, तर स्पीकरमधली कॉइल गेली.

स्पीकरची वजा तार बॉडीला कधीही जोडू नका. आजच्या स्टिरिओत दोन्ही तारांवर सिग्नल असतो. त्यातली एक बॉडीला टेकली, तर आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो. चांगला सेट असाच हकनाक मरतो, याचं फार वाईट वाटतं.

सेट अजिबात सुरू होत नसेल, तर फ्यूज बघा. एक वीज किल्ली फिरवल्यावर येते, दुसरी कायम असते. घड्याळ आणि स्टेशनं रोज पुसली जात असतील, तर कायमच्या पुरवठ्याचा फ्यूज आधी बघा. लाल 10 ॲम्पिअरचा उडाला तर 10 चाच घाला. निळा 15 चा घातलात, तर फ्यूजऐवजी वायरिंग जळू शकतं.

बॅटरी काढण्यापूर्वी मॅन्युअलमधलं कोड कार्ड शोधून ठेवा. काही सेट वीज तुटली की कोड मागतात आणि तोवर मुके राहतात.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ऐकू येते? मोबाइलचा चार्जर काढून बघा. तरीही राहिली, तर अर्थचा जोड, म्हणजे सेटची अर्थ तार बॉडीला जिथे जोडलीय ती जागा, घासून घट्ट करा.

एफएम खरखरत असेल, तर टपावरची अँटेना हाताने पिळून बघा, धुलाईच्या वेळी ती सैल होते. इंदूरजवळच्या सिमरोलच्या घाटात मात्र स्टेशन गेलं तर काही उघडू नका, डोंगर ओलांडला की ते परत येतं.