दत्तक नातवंड घरी येतं तेव्हा आजीनं काय करावं

माझ्या मुलानं आणि सुनेनं ओडिशातून पाच वर्षांची मुलगी दत्तक घेतली. आईबापांना सल्ले देणारे पुष्कळ असतात, आजीला कुणी काही सांगत नाही. मूल परदेशातून येवो की परराज्यातून, त्याची भाषा, जेवण, माणसं एका दिवसात बदललेली असतात. माझ्यासारख्या आज्यांसाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात अवघड काम आधी सांगते. पाहुणे थांबवा. कोल्हापुरात घरी मूल आलं म्हटलं की अख्खी गल्ली पेढे आणि फ्रॉक घेऊन दारात येते. माया असते ती, पण मुलाला तेव्हा ती झेपत नाही. संस्थेत सांभाळणाऱ्या मावश्या सारख्या बदलतात, त्यामुळं कुणीही हात पुढं केला की काही मुलं लगेच कडेवर जातात. आमची नात दूधवाल्याकडंसुद्धा झेपावायची. बघणारे म्हणायचे, 'किती लवकर रुळली!' ते रुळणं नव्हे. दुखलं-खुपलं तर नेमकं कुणाकडं जायचं, हे तिला अजून ठाऊक नसतं. म्हणून पहिले काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, पडल्यावर उचलून घेणं आईबापांनीच करावं. तिला तेल लावायला माझे हात शिवशिवायचे. मी पाणी तापवून द्यायची आणि न्हाणीबाहेर थांबायची. रडत माझ्याकडं आली की 'चल, आईकडं जाऊ' म्हणून बोट धरून सुनेपाशी न्यायची. आपण स्वयंपाक, दार आणि फोन सांभाळावा. त्यातच त्या दोघांना मोठा आधार असतो.

अंगावरच्या ज्या कपड्यांत मूल आलं, ते लगेच धुऊ नका. तेवढाच एक ओळखीचा वास त्याच्यापाशी असतो. संस्थेत मुलं ओळीनं झोपतात, तेव्हा वेगळी खोली कितीही सजवली तरी नको. आईबापांच्या शेजारी अंथरूण घाला, बारका दिवा चालू ठेवा.

जेवणात तांबड्या रश्श्याची घाई नको. तिकडची बरीच मुलं भातावर वाढलेली. मऊ भात, डाळ, डाळीतच भाज्या शिजवून केलेला डालमा, यावर आमचं निभावलं. भाकरी तिनं आपणहून मागितली, तीही दुधात कुस्करून. उशीखाली पोळीचे तुकडे सापडले तर रागावू नका. पुढचं जेवण मिळेल याची खात्री नसते म्हणून मूल साठवतं. मी खालच्या फळीवर चुरमुऱ्यांचा डबा ठेवला. ओडिशात त्यालाच मुढी म्हणतात, घरोघरी खातात. डबा कधी रिकामा पडू दिला नाही आणि घ्यायला विचारायचं नाही, असं सांगून टाकलं. उशीखालचं हळूहळू आपोआप थांबलं.

भाषेसाठी चार वाक्यं तुम्हीच शिका. 'भोक लागुछि' म्हणजे भूक लागली, 'डर लागुछि' म्हणजे भीती वाटते. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत ओडिशाची माणसं कामाला आहेत, त्यांच्याकडून उच्चार नीट करून घ्या. पण त्यांना लगेच घरी बोलावू नका. ओळखीची भाषा बोलणारं माणूस आपल्याला परत न्यायला आलंय, असं मुलाला वाटू शकतं.

डॉक्टरांकडं लसीकरणाचं कार्ड न्या आणि सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं विचारा. ओडिशाच्या बऱ्याच भागांत तो आजार आढळतो. शाळा, गणपतीची मिरवणूक, जोतिबाची यात्रा, सगळं पुढच्या वर्षी.

दत्तकाचं लपवू नका. आपल्या शाहू महाराजांनाच १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक घेतलं, दहा वर्षांचेही नव्हते तेव्हा. कागलचे सख्खे भाऊ पुढंही त्यांच्या सोबत राहिले. मुलानं आधीच्या मावश्यांची आठवण काढली तर विषय बदलू नका, ऐकून घ्या. 'खरे आईवडील कुठले?' असं कुणी मुलासमोर विचारलं तर 'हे काय, समोर बसलेत' एवढंच सांगा आणि चहाचं विचारा.

दत्तक आदेश आता जिल्हाधिकारी देतात आणि तो येण्याआधीच मूल घरी आलेलं असतं. तोवर फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन मुलाची चौकशी करतात. घर लख्ख करून सगळं छान आहे म्हणू नका. रात्रीचं दचकणं, हट्ट, सुनेचं थकणं, सगळं त्यांना सांगा. मदत कुठं मिळेल हे त्या सांगू शकतात.